चिनी विज्ञानकथा ‘थ्री बॉडी’पासून सुरू झाली? छे!

नेटफ्लिक्सवर ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही मालिका आल्यापासून एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे चीनमध्ये विज्ञानकथा नव्हतीच, ती आणली ‘थ्री बॉडी’ कादंबरीच्या लेखकाने, लिऊ त्सिशिनने. तीही अमेरिकेची नक्कल. आणि सगळा सरकारी खेळ. तीन विधानं, तिन्ही फसलेली.

लिऊचा जन्म 1963चा. 1904 सालीच शांघायच्या एका मासिकात चंद्रावरच्या वसाहतीची कादंबरी क्रमशः येत होती. तिचा नायक हरवलेल्या बायकोच्या शोधात एका जपानी माणसाच्या बलूनमधून देशोदेशी हिंडतो. कादंबरी अर्धवटच राहिली. पुढे 1932मध्ये चिनी लेखक लाओ शने आपल्या नायकाला थेट मंगळावर, मांजरमाणसांच्या राज्यात उतरवलं आणि त्या आडून स्वतःच्याच देशाची सालटी काढली.

आता नक्कल. सुरुवात भाषांतरांतून झाली हे कबूल, पण ती अमेरिकन नव्हती. टोकियोत शिकणाऱ्या, पुढे मोठा लेखक झालेल्या लू शुनने 1903मध्ये फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची चांद्रसफर चिनीत आणली ती जपानीवरून, आणि त्या गडबडीत पुस्तकावर मूळ लेखकाचं नावच भलतं छापलं गेलं! 1950च्या दशकात वळण सोव्हिएत होतं.

खरी गंमत ‘सरकारी’ या आरोपात आहे. 1983मध्ये ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्ध, म्हणजे पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाविरुद्ध, सरकारी मोहीम निघाली, विज्ञानकथेवर छद्मविज्ञानाचा शिक्का बसला आणि बहुतेक मासिकांनी मान टाकली. 1979मध्ये निघालेलं, नैर्ऋत्य चीनमधल्या चेंगदू शहरातलं विज्ञानकथेचं मासिक तेवढं तगलं. त्याच्यावर सरकारी छत्र होतं ते नावापुरतं; खर्च भागवायला संपादकांना मुलांची पुस्तकं विकावी लागली. जागतिक विज्ञानकथा लेखकांचं संमेलन आपल्या गावात भरावं म्हणून संपादिका यांग शियाओ 1990मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला गेल्या. विमानाचं भाडं परवडेना, म्हणून आठ दिवस रेल्वेने. संमेलन 1991मध्ये चेंगदूलाच भरलं.

‘थ्री बॉडी’ 2006मध्ये याच मासिकात क्रमशः आली. लेखक तेव्हा शान्शी प्रांतातल्या निआंगत्झग्वानच्या वीजकेंद्रात इंजिनीअर. अलीकडे सरकारने या लेखनाला जवळ केलंय, हे खरंच. पण ते पीक उभं राहिल्यावर. आणि कादंबरी प्रचारकी असेल, तर 2008च्या चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे माओच्या काळातल्या हिंसक उलथापालथीची, प्रकरणं मधल्या पानांत का ढकलावी लागली? 2014च्या इंग्रजी अनुवादात ती पुन्हा सुरुवातीला आली.