लिंबाच्या रसाने मासा शिजत नाही आणि त्यातला पर्णकृमीही मरत नाही

गोड्या पाण्यातल्या माशांमधून माणसाच्या यकृतात जाणाऱ्या पर्णकृमींविषयी, म्हणजे चपट्या परजीवी कृमींविषयी, एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे: कच्चा मासा लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवला की तो ‘शिजतो’ आणि कृमी मरतात, त्यातून काही उरलेच तर जठरातले आम्ल आणि सोबत घेतलेले मद्य त्यांना संपवते, स्वच्छ पाण्यातल्या माशात कृमी नसतातच, आणि एवढ्यावरही संसर्ग झाला तर एका गोळीने तो जातो. मजकुराचा सूर धीर देणारा आहे, मधूनमधून शास्त्रीय वाटणारे शब्दही पेरलेले आहेत, आणि म्हणूनच तो मला अधिक घातक वाटतो, कारण या संसर्गाचा शेवट काही रुग्णांच्या बाबतीत पित्तनलिकेच्या कर्करोगात होतो.

आधी मजकुरासोबतच्या चित्राविषयी. त्यात कापलेल्या यकृतावर पसरलेले रुंद, पानाच्या आकाराचे कृमी दिसतात. ते फॅसिओला जातीचे, म्हणजे गुरामेंढरांच्या यकृतात आढळणारे आहेत. माणसाला ते होतात तेव्हा पाण्यातल्या किंवा पाणथळीतल्या कच्च्या वनस्पतींमधून होतात. माशांशी त्यांचा संबंध नाही. माशांमधून येणारे मुख्य कृमी तीन आहेत: चीन, कोरिया आणि उत्तर व्हिएतनाममधला क्लोनॉर्किस सायनेन्सिस, थायलंड, लाओस आणि कंबोडियातला ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी, आणि सायबेरियापासून युरोपपर्यंत आढळणारा ऑपिस्थॉर्किस फेलिनियस. हे अंगाने बारीक आणि निमुळते असतात, एक-दोन सेंटिमीटर लांबीचे किंवा त्याहूनही लहान.

आता मुख्य दाव्याकडे, म्हणजे आम्लाकडे वळू. लिंबाचा रस लागल्यावर माशाचे मांस पांढरे, अपारदर्शक आणि घट्ट होते, कारण आम्लामुळे त्यातल्या प्रथिनांची रचना मोडते. डोळ्यांना ते शिजल्यासारखे दिसते. पण बदलतात ती मांसातली प्रथिने. कृमीची अळी त्या मांसात उघडी पडलेली नसते. मेटासर्केरिया नावाच्या या अवस्थेत ती स्वतःभोवती तयार केलेल्या कोषात गुंडाळलेली असते. कोष मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो मांसात शोधून सापडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पारदर्शक भिंतीच्या आत दुमडून बसलेली अळी हळूहळू वळताना दिसते आणि तिच्या शरीराच्या मागच्या भागातली उत्सर्जन पिशवी गडद काळ्या ठिपक्यासारखी उठून दिसते.

हे कोष माशातून वेगळे काढण्याची प्रयोगशाळेतली रीतच या दाव्याला पुरेसे उत्तर देते. माशाचे मांस बारीक करून ते हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन (जठरातले प्रथिने पचवणारे पाचकद्रव्य) यांच्या द्रावणात, म्हणजे कृत्रिम जठररसात, शरीराच्या तापमानाला काही वेळ ठेवतात. मांस विरघळून जाते आणि तळाशी मेटासर्केरिया उरतात, त्याही जिवंत. पुढचे प्रयोग त्यांच्यावरच होतात. ज्या द्रावणात अख्खा मासा विरघळतो त्यातून जी अळी सुखरूप बाहेर येते, तिला लिंबाचा रस मारील असे मानायला कोणताही आधार नाही. ‘जठरातले आम्ल उरलेले काम करते’ हे दुसरे विधानही याच ठिकाणी निकालात निघते. कोषाची भिंत आम्लातून पार होण्यासाठीच बनलेली आहे. ती सुटते ती पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला, पाचकरस आणि पित्ताच्या संपर्कात, आणि मोकळी झालेली अळी तिथूनच पित्तनलिकेत चढते. आपले पचन तिच्यासाठी अडथळा नसून दार उघडणारी किल्ली आहे.

क्लोनॉर्किसबाबतचे आकडे चिनी पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे दिले जातात: व्हिनेगरमध्ये मेटासर्केरिया सुमारे २ तास आणि खारट सोया सॉसमध्ये सुमारे ५ तास तग धरतात, तर एक मिलिमीटर जाडीच्या कापातली अळी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ सेकंदांत आणि ९० अंशांना अवघ्या एका सेकंदात मरते. उष्णता आणि आम्ल यांच्यातला फरक याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. मात्र हे आकडे अगदी पातळ कापाचे आहेत, हे विसरू नये; जाड तुकडा उकळत्या रश्शात बुडवून लगेच काढला तर बाहेरून शिजलेला आणि आतून कच्चा राहतो. तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश तापमान पोहोचले पाहिजे. गोठवण्याचा मार्गही आहे, पण त्यासाठी उणे २० अंशांवर सलग सात दिवस ठेवण्याची शिफारस आहे. घरच्या शीतकपाटातली एक रात्र त्या जागी चालत नाही.

मद्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पोटात अन्नात मिसळून पातळ झालेले मद्य कोषातल्या अळीला मारू शकत नाही, आणि मद्य स्वतःच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, आहे.

‘स्वच्छ पाणी, स्वच्छ मासा’ हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, पण पाण्याच्या नितळपणाचा येथे संबंध नाही. बाधित माणसाच्या, कुत्र्याच्या किंवा मांजराच्या विष्ठेतली अंडी पाण्यात पोहोचतात, ठरावीक जातीच्या गोगलगायी ती गिळतात, गोगलगायीत वाढलेल्या अळ्या पोहत बाहेर पडून माशाच्या कातडीतून आत शिरतात, आणि यातली एकही गोष्ट पाणी गढूळ करत नाही. इटलीत २००३ नंतर मध्य भागातल्या बोल्सेना, त्राझिमेनो यांसारख्या सरोवरांतल्या टेंच माशामुळे फेलिनियसचे अनेक उद्रेक झाले. खाल्लेला मासा कच्चा किंवा नुसता मुरवलेला होता. ही सरोवरे गटारे नव्हेत. साखळीत गोड्या पाण्यातली गोगलगाय अनिवार्य असल्यामुळे समुद्रातच वाढलेल्या माशांतून हा विशिष्ट संसर्ग होत नाही, एवढा दिलासा खरा आहे. समुद्री माशांतले कृमी वेगळे असतात.

राहिला गोळीचा दावा. यात अर्धे सत्य आहे, म्हणून तो सावधपणे खोडावा लागतो. प्राझिक्वांटेल हे औषध प्रभावी आहे आणि संसर्ग झालेल्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेच पाहिजे. पण ते कृमी मारते, कृमींनी आधीच केलेली इजा भरून काढेलच असे नाही. पित्तनलिकेच्या भिंतीला वर्षानुवर्षे होणारा दाह, कृमींच्या स्रावांमुळे पेशींची होणारी वाढ आणि नलिकेभोवती साचत जाणारी तंतुमयता (व्रणासारखे घट्ट ऊतक) यांतून कर्करोगाची जमीन तयार होते, आणि ही तंतुमयता कृमी गेल्यावरही काही रुग्णांच्या सोनोग्राफीत दिसत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने व्हिव्हेरिनीला १९९४ साली आणि क्लोनॉर्किसला २००९ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारकांच्या पहिल्या गटात टाकले, ते याच पुराव्यांवरून. ईशान्य थायलंडमधल्या खोन केन प्रांतात पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक नोंदवले गेले आहे, आणि तिथला कोइ प्ला हा पदार्थ म्हणजे लिंबाचा रस पिळलेला, बारीक चिरलेला कच्चा मासाच आहे. मजकुरातल्या सल्ल्याचा प्रयोग एका संपूर्ण प्रदेशावर पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे आणि त्याचे फळ तिथल्या रुग्णालयांत दिसते. गोळी मिळते म्हणून पुन्हा कच्चा मासा खायचा, पुन्हा संसर्ग आणि पुन्हा गोळी, हे चक्र तिथल्या डॉक्टरांनी जवळून पाहिले आहे. म्हणूनच त्याच प्रांतातल्या लावा (Lawa) नावाच्या सरोवराच्या परिसरात औषधासोबत शाळांमधले शिक्षण, कुत्र्यामांजरांवरचे उपचार आणि गोगलगायी व माशांची तपासणी एकत्र राबवण्यात आली, तेव्हा कुठे संसर्ग टिकाऊपणे खाली आला.

‘काही त्रास होत नाही, म्हणजे संसर्ग नाही’ असेही मजकुराच्या शेवटी म्हटले आहे. थोडे कृमी असलेल्या बहुतेकांना खरोखरच काही जाणवत नाही, आणि क्लोनॉर्किस शरीरात २५ वर्षांपर्यंत जगू शकतो. १८७५ साली जेम्स मॅककॉनेल यांनी या कृमीचे पहिले वर्णन केले, ते कोलकात्यात मरण पावलेल्या एका चिनी माणसाच्या शवविच्छेदनातून. प्रदेश सुटला तरी कृमी माणसासोबत राहतो. ज्यांनी या भागांत राहून गोड्या पाण्यातला कच्चा किंवा मुरवलेला मासा खाल्ला असेल त्यांनी, त्याला कितीही वर्षे झाली असली तरी, डॉक्टरांना ते आपणहून सांगावे आणि शौचाच्या नमुन्यात अंडी आहेत का हे तपासून घ्यावे. खाल्ल्यानंतर लगेच केलेली तपासणी उपयोगाची नसते, कारण अळीची वाढ होऊन ती अंडी घालू लागायला सुमारे चार आठवडे जातात. आणि पित्तनलिका तुंबलेली असेल तर अंडी आतड्यात उतरतच नाहीत, त्यामुळे कावीळ किंवा उजव्या बरगड्यांखाली दुखणे असल्यास शौचाचा अहवाल निर्दोष आला तरी सोनोग्राफी टाळू नये.