खुलासा: ट्रेलरच्या काळ्या ओघळांवर ॲसिड मारू नका

सोलापुरातल्या गाडीमालकांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'संडासाचं ॲसिड मारा, ट्रेलरचे काळे ओघळ 5 मिनिटांत गायब.' ओघळ जातात, पण रंगाची चमकही जाते. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियम खातं. माझ्या ट्रेलरच्या पट्टीवर पांढुरके डाग कायमचे राहिलेत.

ओघळ मुळात टपावरून येतात. तिथली धूळ आणि डिझेलची काजळी पावसात, अगदी दवातही, कडेनं उतरते आणि आपल्या उन्हात रंगावर घट्ट बसते. म्हणून आधी टप धुवा. मग गाडी सावलीत लावून बाजूंना सौम्य शाम्पूचं पाणी खालून वर लावा. वरून लावलं तर कोरड्या मळावर नवे पट्टे पडतात. स्वच्छ पाणी मात्र वरून खाली सोडा. सुकल्यावर वॅक्स पॉलिश केलं की मळ लवकर चिकटत नाही.

भावांनो, तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.