ट्रॅक्टर येतो म्हणून ट्रक येत नाही, साहेब

सकाळी मिसळ खाताना डोकं फिरलं. आमच्या मित्राच्या मेहुण्याने छोट्या विमानाचं लायसन काढलंय, हौस म्हणून. चांगलंय. पण रश्श्यात पाव बुडवत म्हणतो कसा, "दोन्ही पायलट आडवे झाले तर एअरबस मी उतरवीन. विमान ते विमानच!" आणि आख्खं टेबल माना डोलवतंय.

४० तासांवर मिळतं हो ते लायसन. एअरलाइनच्या कॅप्टनचं निघायला १५०० तास लागतात, ते काय उगीच?

मला राहूडचा घाट आठवला. दहाचाकी, १६ टन कांदा, इंदूरला निघालेली. चांदवड सोडलं आणि चालवणाऱ्या अण्णांना थंडी वाजून ताप भरला. मी म्हटलं, द्या इकडे, बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर हाकतोय. (हेवीचं लायसन? विचारू नका.) सपाटीला राजा होतो मी. उतार लागला, ट्रॅक्टरच्या सवयीने ब्रेक दाब-दाब दाबला, आणि ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागला.

मेहुण्याचंही हेच होणार. सेसना १७२, म्हणजे चार सीटचं छोटं विमान, भरली तरी सव्वा टनाच्या आत, टेकते तासाला १२० किलोमीटरच्या आसपास. एअरबस ए-३२० उतरताना ६० टन आणि वेग अडीचशेचा. चाकं तुमच्या कितीतरी खाली आणि मागे, म्हणजे डोळ्याचा अंदाज चुकला. लिव्हर पुढे ढकलला तरी जेट इंजिन जोर धरायला काही सेकंद खातं. हाताची सवयच वैरी होते. आणि त्याआधी कॉकपिटचं दार उघडून दाखव ना बाबा! २००१ च्या अमेरिकेतल्या विमान-हल्ल्यांनंतर ते साधं फळकूट राहिलेलं नाही.

हां, ऑटोपायलट चालू असेल, विमानतळावर ऑटोलँडची, म्हणजे विमान आपोआप उतरण्याची, सोय असेल, रेडिओवर कोणी शांतपणे एकेक बटण सांगत असेल तर जमेलही. २००९ मध्ये फ्लोरिडात एका हौशी पायलटने असंच ऐकत ऐकत किंग एअर नावाचं विमान उतरवलं होतं. पण ते सहा टनांच्या आतलं विमान. मला काय, मागच्या बर्थवरून अण्णा ओरडले, "एकदाच दाब! गिअर खाली घे!" म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

२००५ ची हेलिओस या विमान कंपनीची गोष्ट मेहुण्याला सांगायची राहिली. बोइंग ७३७, हवेचा दाब गेल्याने पायलट बेशुद्ध. केबिन क्रूमधल्या एका पोराकडे पायलटचं लायसन होतं. तो कॉकपिटमध्ये पोचला तोवर इंधन संपत आलेलं. १२१ माणसं गेली. त्याला वेळच मिळाला नाही, हे खरंय. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढत नाही.

घाट उतरल्यावर अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. अंगात ताप तसाच. एक शब्द बोलले नाहीत, नुसता हात केला, सरक. मी गपचूप क्लीनरच्या जागेवर जाऊन बसलो.