दुखत नाही म्हणून निर्धास्त?

चरबीच्या गाठीचा, म्हणजे लायपोमाचा, सहसा कॅन्सर होत नाही हे अशा गाठींवरच्या एका लेखातलं म्हणणं पटलं. आमच्या काकांच्या दंडावर लिंबाएवढी गाठ कित्येक वर्षं आहे. बोटाने ढकलली की कातडीखाली सुळकन सरकते. पण 'दुखत नाही म्हणजे साधीच' हे त्याच लेखातलं वाक्य खटकलं. अहो, सार्कोमाची, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांत होणाऱ्या कॅन्सरची, गाठही सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही! बघायचं ते आकार आणि खोली. 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, मांडीच्या स्नायूत खोल रुतलेली किंवा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ असेल तर आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी, आणि ऑपरेशन त्यानंतरच. साधी म्हणून काढलेली गाठसुद्धा पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. लेप लावत महिनोन्‌महिने वाट बघणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.