कॉलेज बघायला मंगळवारी दुपारी जा

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन आमच्या गावचं चौकशी केंद्र होतो. "ताई, नव्वद आलेत, कुठलं मिळेल?" "आत्या, कॉम्प्युटर मिळत नाहीये, एआय घेऊ का?" मी चाकणला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिझाईनला आहे आणि कंपनीतर्फे कॉलेजांत मुलाखती घ्यायला जाते. एवढ्या भांडवलावर सगळ्यांनी मला जाणकार करून टाकलंय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. इंजिनिअरिंगपुरतंच लिहिते, मला तेवढंच कळतं.

आधी नव्वदचं बघू. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. पेपर 200 मार्कांचा असतो, आणि 90 पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली साधारण नव्वद मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे. बारावीच्या टक्क्यांशी त्याची तुलना करून मुलाला ऐकवणाऱ्या काकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता कटऑफ. अख्खं घर रात्री जागून गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ चाळत असतं. त्या आकड्यातून कळतं एवढंच, की गेल्या वर्षी त्या जागेसाठी शेवटी आत गेलेला मुलगा किती पर्सेंटाईलचा होता. म्हणजे मागणी किती आणि जागा किती. शहरात, स्टेशनजवळ, मुलींचं हॉस्टेल आवारातच, असं कॉलेज असेल तर कटऑफ चढतो. तिथे शिकवतात कसं, याचा त्या आकड्याशी फारसा संबंध नाही. एकाच कॉलेजात कॉम्प्युटरचा कटऑफ आभाळाला आणि सिव्हिलचा जमिनीवर असतो. प्राचार्य तेच, लायब्ररी तीच, पहिल्या वर्षाचं मॅथ्स आणि फिजिक्स शिकवणारेही बहुतेक तेच.

पुण्याचं सीओईपी 1854 पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं. यांच्याबद्दल मला वेगळं काही सांगायचं नाही, मिळालं तर डोळे झाकून घ्या. पण तिथे जागा मोजक्या. बाकीच्या हजारो मुलांचा प्रश्न असा असतो, की मधल्या थरातली आठ-दहा कॉलेजं एका मापाची दिसताहेत, मग निवडायचं कसं? माझं म्हणणं, जाऊन बघा. आणि ओपन हाऊसच्या रविवारी नको, त्या दिवशी रांगोळी असते, समोसे असतात आणि ब्लेझर घातलेली मुलं तुम्हाला फिरवतात. साध्या मंगळवारी दुपारी जा, वरच्या वर्षांचे वर्ग सुरू असताना.

वर्कशॉप दाखवा म्हणा. लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, खालच्या ट्रेमध्ये वाकून बघा. तिथे लोखंडाचे गुंडाळलेले चिप्स असतील, बेडवर तेलाचा हात फिरलेला असेल, टूलपोस्टवर घासल्याच्या खुणा असतील, तर मशीन चालतंय. नवा हिरवा रंग मारलेला, ट्रे लखलखीत आणि चकच्या जॉवर बारीक गंज असेल, तर ते मशीन तपासणी समितीच्या भेटीपुरतं आहे. मोजमापाची साधनं कपाटात असतात. कुलूप आहे का बघा, आणि किल्ली कुणाकडे असते ते अटेंडंटला विचारा. अटेंडंट मामा खरं बोलतात. एका कॉलेजात मी मायक्रोमीटर बघायला मागितला, तर किल्लीवाले सर रजेवर. सेमिस्टर अर्धं झालं होतं. मग त्या बॅचच्या मुलांनी लीस्ट काऊंट तोंडपाठ सांगितला, पण हातात मायक्रोमीटर दिला तर रॅचेट कुठलं ते कळेना, यात मुलांचा काय दोष?

लायब्ररीत जाऊन तुमच्या शाखेचं एखादं जाडं पुस्तक काढा. अजून बऱ्याच ठिकाणी मागच्या पानावर तारखांचे शिक्के असलेली चिठ्ठी असते. शेवटचा शिक्का कधीचा आहे बघा. रीडिंग रूम किती वाजेपर्यंत उघडी असते विचारा. मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांपाशी बसा आणि एकच विचारा, "मागच्या सेमला कुठल्या विषयाला सर बदलले?" दोन-तीन विषय निघाले तर समजा, शिक्षक टिकत नाहीत. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कागदावर तो असतोच. आणि आता 2024-25 पासून चांगल्या समजल्या जाणाऱ्या संस्थांना शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाही उरलेली नाही, त्यामुळे एकट्या कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढतात. तुकड्या किती, लॅब किती, हे विचारायला लाजू नका. फी तुम्ही भरणार आहात.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचा सर्वात मोठा आकडा एका मुलाचा असतो. तुम्हाला हवा आहे मधल्या मुलाचा. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांना भरलेली माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्यम आकडा किती, हे मिळतं. ती पीडीएफ वेबसाइटच्या तळाशी कुठेतरी असते, शोधा. "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" या शब्दांत असिस्टन्स शंभर टक्के आहे, एवढंच.

स्वायत्त कॉलेज म्हटलं की पालकांना हायसं वाटतं. स्वायत्ततेचा फायदा खरा आहे, अभ्यासक्रम पटकन बदलता येतो. पण पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच, त्यामुळे तिथल्या निकालाच्या टक्केवारीवर फार हुरळून जाऊ नका.

फॉर्म भरताना पसंतीक्रम मनापासून लावा. 2025 च्या कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागायचं, दुसरीत पहिल्या तिनांतलं, तिसरीत पहिल्या सहांतलं. नियम दरवर्षी बदलतात, यंदाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. पण "वर टाकून बघू, नंतर बदलू" हा खेळ आता महागात पडतो. टीएफडब्ल्यूएसच्या जागांना वेगळा चॉईस कोड असतो. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर तो कोडही भरा, ट्यूशन फी माफ होते. मुलींसाठी 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांत, त्याच उत्पन्न मर्यादेत, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा. तेव्हा "कशाला फेऱ्यांची वाट बघता, मॅनेजमेंटमधून सीट लॉक करा" म्हणणाऱ्या एजंटचा चहा पिऊ नका. आमच्या भावकीतल्या एका मुलीची सवलत अशाच घाईत गेली.

आता मिळालेलं कॉलेज वापरायचं कसं. मुलाखतीला बसल्यावर खरा फरक मला इथेच दिसतो. मध्यंतरी दुष्काळी तालुक्यातल्या, फारसं नाव नसलेल्या कॉलेजचा एक मुलगा आला होता. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. (डिप्लोमावाली मुलं मला आवडतात, फायलिंग करून त्यांचे हात सोललेले असतात.) इंग्रजीत अडखळायला लागला, मी म्हटलं मराठीत सांग. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय, तर हंगाम संपल्यावर शेतातल्या ठिबकच्या नळ्या गुंडाळायचं यंत्र. नळी चपटी होऊ नये म्हणून ड्रमचा व्यास किती धरला, पहिला ड्रम का फसला, बेअरिंग भंगारातून कुठलं आणलं, सगळं त्याने कागदावर काढून दाखवलं. आम्ही त्याला घेतलं. त्याच दिवशी दुसऱ्या, बऱ्याच बड्या कॉलेजच्या मुलाचा प्रोजेक्ट पुण्यात तयार विकत मिळतो तसला होता. मोटर किती वॅटची, विचारल्यावर तो पार्टनरकडे बघायला लागला. पार्टनर बाहेर बसला होता.

जर्नल उतरवणं, डिफॉल्टर लिस्ट टाळणं, टर्मवर्कसाठी सरांच्या केबिनबाहेर फाईल घेऊन उभं राहणं, यात चार वर्षं कुठल्याही कॉलेजात संपतात. त्यातून वेळ काढून मुलाने एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्यावी. कॉलेजची बाहाची, म्हणजे मुलांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धेची, टीम असेल तर पहिल्याच वर्षी जाऊन नट आवळायला उभं राहावं. शिकवणारे सर कच्चे असतील तर तोच विषय एनपीटीईएल या सरकारी वेबसाइटवर आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात, आणि गेली वीसेक वर्षं शिकवताहेत. आणि पुण्यात असाल तर पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमींना "अभ्यास बुडतो" म्हणून नाक मुरडू नका. आमच्या टीममधला एक जण कॉलेजात सेट लावायचा. सप्लायरने ऐनवेळी माल अडवला की आमच्याकडे फक्त तो शांत असतो.

आईवडिलांना एक विनंती. पहिल्या सेमला एखादी केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर घरात सुतक पाळू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला व्याख्यानाचा वेग पकडायलाच एक सेमिस्टर जातं. गणितात तो हुशारच असतो, भाषेत अडतो. वर्गमित्रांबरोबर बसून मराठीत समजून घेतलं आणि इंग्रजीत लिहिलं, तर चालतं. मी तसंच केलं, आणि आज जर्मन क्लायंटशी रोज बोलते.

खाली कॉलेजांची नावं टाकून "हे बरं की ते" विचारू नका, मी उत्तर देणार नाही. दोन्हीकडे जाऊन या, लेथच्या ट्रेचा फोटो पाठवा, मग बोलू.