न येणाऱ्या मेंबरवर चालणारी जिम

वाद पेटला तो एका जिमच्या पत्रकावरून. ‘वर्षाचे फक्त ५,९९९, फुल एसी, तिसरी शाखा लवकरच गोत्रीला.’ बडोद्याच्या दांडिया बाजारात चहाच्या लारीशेजारी आमचा कट्टा भरतो, तिथे कुणीतरी ते टाकून गेलं होतं. बापूंनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, ‘महिन्याला पाचशे रुपयांत एसी? मग हा माणूस भाडं कशातून भरतो?’

‘न येणाऱ्यांच्या पैशातून,’ नंदू म्हणाला. नंदू सीए आहे, त्याच्याकडे जिमवाल्यांचीही खाती आहेत. पत्रक उलटं करून त्याने मागच्या बाजूला हिशेब मांडला. समजा चार हजार चौरस फुटांचा हॉल, चाळीस रुपये फुटाने भाडं एक लाख साठ हजार. वीज साठ हजार. ट्रेनर, सफाई, काउंटरवरचा मुलगा मिळून दीड लाख. मशीनच्या कर्जाचा हप्ता ऐंशी हजार. महिन्याचे साडेचार लाख, वर्षाचे चोपन्न. सहा हजारांच्या फीने भागवायचं तर नऊशे मेंबर हवेत.

‘आणि त्या हॉलमध्ये एका वेळी माणसं मावतात सत्तर-ऐंशी,’ तो म्हणाला. ‘सकाळचे तीन तास, संध्याकाळचे चार. नऊशेही रोज आले, तर तासाला जवळजवळ एकशे तीस होतात. ट्रेडमिलसाठी मारामारी होईल. म्हणून मालक मनातून एकच प्रार्थना करतो, की निम्म्याहून जास्त लोकांनी घरीच बसावं.’

बापूंना हे पटेना. लबाडी आहे म्हणाले. सुहास मात्र मान डोलावत होता. तो काही वर्षं न्यू जर्सीला राहून परत आलाय आणि तिथे प्लॅनेट फिटनेसचा मेंबर होता. ही साखळी १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हर गावात एका जिमपासून सुरू झाली, २००३ पासून फ्रँचायझी देऊ लागली आणि २०१५ मध्ये शेअर बाजारात आली. साध्या मेंबरशिपची फी महिन्याला दहा डॉलर, आणि ती वर्षानुवर्षं तेवढीच. नव्या मेंबरांना पंधरा केली ती थेट २०२४ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षाअखेर २,७०० च्या वर क्लब आणि जवळजवळ दोन कोटी मेंबर होते. नंदूने लगेच भागाकार केला: एका क्लबमागे सात हजारांच्या वर.

सुहासने सांगितलेल्या गोष्टींत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती तिथल्या मांडणीची. वजनं आपटली, जोरात हुंकारलं, की तिथे भोंगा वाजतो. मोकळ्या बारबेलऐवजी रुळांवर सरकणारी मशीनं असतात. सुहास तिथे होता तेव्हा महिन्याच्या पहिल्या सोमवारी पिझ्झाही असायचा. व्यायामाच्या जागी पिझ्झा हे ऐकून बापू भडकले, पण त्यामागे विचार आहे. रोज दोन तास लोखंड उचलणारा पैलवान हा स्वस्त जिमचा सर्वांत महागडा गिऱ्हाईक. दहा डॉलर देऊन तो मशीन झिजवतो, जागा अडवतो, आणि त्याला बघून नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. तो नको, आणि व्यायामाची धास्ती वाटणारा हवा. असा माणूस जास्त येत नाही, पण दहा डॉलरसाठी नावही काढून घेत नाही. शिवाय बहुतेक क्लब फ्रँचायझीवाल्यांचे. जागा आणि भांडवल त्यांचं, कंपनी रॉयल्टी घेते आणि त्यांना मशीनंही विकते.

मग प्राची बोलली, आणि कट्ट्याचा नूरच बदलला. ती वाघोडिया रोडला अशाच एका स्वस्त जिममध्ये सकाळी सहाला जाते. ‘काका, तुम्ही लबाडी म्हणता. पण माझ्यासारखीला पाचशे रुपयांत दिवे असलेली, कॅमेरा असलेली, एसी जागा मिळाली ती बाकीचे येत नाहीत म्हणूनच ना? जे येत नाहीत ते माझी फी भरतात. मी जाते, माझा फायदा आहे.’

‘आमच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात कुणाच्या न येण्यावर काही चालत नव्हतं,’ बापू म्हणाले. राजरत्न माणिकरावांनी नावारूपाला आणलेला तो आखाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे. बापूंचे वडील तिथे मल्लखांब करायचे. ‘दोन दिवस पोरगा दिसला नाही, तर वस्ताद घरी निरोप धाडायचे, ताप आलाय की आळस आलाय म्हणून.’

‘पण आखाड्यामागे सयाजीरावांसारखा राजा उभा होता, बापू,’ नंदू म्हणाला. ‘भाड्याच्या हॉलमागे बँक उभी असते.’

मला इथे बापूंचंच म्हणणं जास्त लागलं. वस्तादाला तुम्ही यायला हवे होतात. स्वस्त जिमला तुमचं नाव हवं असतं. अर्थात महागड्या जिममध्येही माणसं फार येतात असं नाही. अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या नोंदी तपासून दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं होतं, की महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सरासरी महिन्यातून साधारण चारदाच येत. एका फेरीला सतरा डॉलरच्या वर पडत, आणि दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर दहात भागलं असतं. माणूस स्वतःबद्दल नेहमी जास्तच आशा धरतो. दहा डॉलरवाल्यांनी ती आशा स्वस्त केली, एवढंच.

पण तोच धंदा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही, आणि माझा खरा मुद्दा हा आहे. अमेरिकेत फी दर महिन्याला खात्यातून गुपचूप कापली जाते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२१ पासून नियम कडक केले. कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटो-डेबिटच्या चोवीस तास आधी मेसेज यायलाच हवा. म्हणजे झोपलेल्या मेंबरला दर महिन्याला कुणीतरी हलवून उठवणार. तो मेसेज वाचेल आणि बंद करून टाकेल. म्हणून आपला जिमवाला महिन्याचं नावच काढत नाही. वर्षाचे एकदम घेतो, तेही जानेवारीत, संकल्प ताजे असताना.

आणि वर्षाची फी एकदम हातात आली, की ती फी राहत नाही. नंदूनेच सांगितलं, खातेवहीत ती उत्पन्न नाही, देणं असते, कारण अकरा महिन्यांची सेवा अजून द्यायची असते. बँकेत मात्र ती रोकड दिसते. त्या रोकडीतून दुसऱ्या हॉलचं डिपॉझिट जातं, दुसरीच्या मेंबरांतून तिसरीचं. नवे मेंबर यायचे थांबले, की पहिल्या शाखेचं भाडं थकतं. माझ्या धाकट्या भावाचे असेच पैसे गेले. शटर खाली, फोन बंद, मेंबरांचा व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा जागा. मालक काही ठग नव्हता, शाखा वाढवायची घाई त्याला नडली. मोठी नावंही यातून सुटत नाहीत. तळवलकर म्हणजे १९३२ पासूनचं मराठी घराणं, २०१० मध्ये शेअर बाजारात गेलं, ‘हायफाय’ नावाने स्वस्त जिमही काढल्या, आणि २०१९ मध्ये कर्जाचे हप्ते थकले. तिथली कारणं वेगळी असतील, पण नवनव्या शाखांच्या बातम्या वाचून कुणी निर्धास्त राहू नये.

‘मग काय करायचं? महिन्याने घ्या सांगू क्लायंटला?’ नंदू चिडला. ‘मशीनला पैसे कोण देणार? सप्टेंबर २०२५ मध्ये जिमवरचा जीएसटी अठराचा पाच झाला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण इनपुट क्रेडिट गेलं, म्हणजे भाड्यावर, मशीनवर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय गेली. एक लाख साठ हजार भाड्यावरचे अठ्ठावीस हजार आठशे आता मालकाच्या बोडक्यावर.’

त्याचं खरं आहे. तरी मी म्हणतो, तिमाही घ्या. मशीनसाठी बँकेचं कर्ज काढा, मेंबरांचं बिनव्याजी कर्ज नको. बँक निदान ताळेबंद तरी बघते. प्राचीला कोण दाखवतो?

प्राचीचं रिन्यूअल पुढच्याच आठवड्यात आहे. काउंटरवरच्या मुलाने तिला दोन वर्षांचे नऊ हजार सांगितलेत, तीन महिन्यांचे दोन हजार. तिमाहीने वर्षाचे आठ हजार होतात, म्हणजे दोन वर्षांत सात हजार जास्त. ती तिमाहीच घेणार म्हणाली. बापू अजून ऐकत नाहीत, सात हजारांत चांगली सायकल येते म्हणतात.