फिरतं पातं आणि पिळलेला तंगूस

स्पिनर म्हणजे मासे धरायचं फिरतं नकली आमिष, त्याला आयुष्यात एकच काम दिलंय, गरगर फिरणं. बारीक तार, तिच्यात ओवलेले मणी नाहीतर पितळेचं वजन, वर कडीत अडकवलेलं चमकतं पातं आणि शेपटीला तीन काट्यांचा गळ, बास. पाण्यातनं ओढलं की पातं तारेभोवती फिरतं आणि त्याची थरथर माशाला पार्श्वरेषेतनं, म्हणजे अंगावरच्या थरथर टिपणाऱ्या रेषेतनं, कळते, त्यामुळे पाणी गढूळ असलं तरी त्याला पत्ता लागतोच. 1938 साली आंद्रे म्यूलनार या फ्रेंच इंजिनिअरनं मेप्स नावाच्या ब्रँडचा स्पिनर काढला, आजही ते पातं मासे धरतंय, तेव्हा आमिषाच्या कर्तबगारीबद्दल आपली काही तक्रार नाही.

तक्रार तंगूसाबद्दल, म्हणजे गळाच्या दोरीबद्दल आहे. पात्याच्या नादानं हळूहळू अख्खी तार फिरायला लागते, तिच्या नादानं तंगूस, आणि तो पिळत पिळत रिळावर जाऊन गुपचूप बसतो. पुढचा कास्ट मारला, म्हणजे गळ लांब फेकला, की मग जुन्या लँडलाईनच्या वायरीसारखी वेटोळी भसाभस बाहेर येतात, काठीवरच्या पहिल्याच रिंगमध्ये गाठ बसते, आणि स्पिनर तोवर तळाला जाऊन एखाद्या लाकडाच्या प्रेमात पडलेला असतो.

यावर प्रत्येकाचा एकच सल्ला, स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, लाव. लावलं की. साधं स्विव्हल बोटात मस्त फिरतं पण ताण आला की अडून बसतं, बॉल बेअरिंगवालं घ्यावं लागतं. बरं लावायचं कुठे? काहीजण म्हणतात स्पिनरलाच, काहीजण म्हणतात दीड फूट वर. दीड फूट वर लावलं की ते टोकाच्या रिंगमधून आत येत नाही, म्हणजे कास्ट मारताना तीन काटे दीड फुटाच्या दोरावर झुलत कानाजवळून जातात. मला स्वतःला कान प्रिय आहेत, त्यामुळे मी स्पिनरलाच लावतो.

गोल कोलोरॅडो पातं रुंद फिरतं, हळू ओढलं तरी चालतं, लांबट विलो पातं तारेला चिकटून फिरतं आणि वाहत्या पाण्यात बरं. जेमतेम पातं फिरेल इतक्याच वेगानं गुंडाळायचं, बेल, म्हणजे रिळावरची तारेची कमान, हातानं बंद करायची, हे सगळं करूनही पीळ पडतोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर जळायच्या आधीचीच ही अवस्था.

उपाय एकच, स्पिनर कापून काढायचा, मोकळा तंगूस वाहत्या पाण्यात लांबवर सोडून द्यायचा, थोडा वेळ उलगडू द्यायचा आणि मग दोन बोटांच्या चिमटीत ताणून परत गुंडाळायचा. हे नेमकं कुणीतरी येऊन बघत उभं राहिलेलं असतानाच करावं लागतं.

"गळ कुठाय?"

"काढलाय."

"मग मासा कशाला लागणार?"

"मासा नको, पीळ काढतोय."

त्यांनी बराच वेळ विचार केला. "गांडूळ का नाही लावत? ते फिरत नाही."